टॅबलेटमधली फाइल कुणाची?

२७ जानेवारी २०१० रोजी स्टीव्ह जॉब्ज यांनी सॅन फ्रान्सिस्कोत आयपॅड जगापुढे ठेवला, तेव्हा त्यात काय नाही याचीच चर्चा अधिक झाली. वेगळा कळफलक नाही, कॅमेरा नाही, यूएसबी जोडणी नाही. या उणिवा पुढच्या काही वर्षांत एकेक करून भरून निघाल्या. पण आणखी एक गोष्ट त्यात नव्हती आणि ती सहज नजरेत भरणारी नव्हती. आपण या यंत्रात काय काय साठवले आहे, हे एका जागी पाहण्याची सोयच नव्हती. फाइलींची यादी पाहावी, त्यांना नावे द्यावीत, त्या इकडून तिकडे हलवाव्यात, पेनड्राइव्हवर घ्याव्यात, यांपैकी काहीही आयपॅडवर करता येत नव्हते.

हे नजरचुकीने राहून गेले नव्हते. तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. त्यामागे कोणते तर्क होते, त्यांतले कोणते टिकले आणि कोणते टिकले नाहीत, हे तपासण्याइतका काळ आता लोटला आहे. आज अनेक शाळांत टॅबलेट आले आहेत, शिक्षक प्रश्नपत्रिका फोनवर तयार करतात, मुले प्रकल्पाच्या नोंदी ॲपमध्ये ठेवतात. त्यामुळे वापरणाऱ्याला त्याची फाइल थेट हाती मिळावी की नाही, हा प्रश्न केवळ संगणकतज्ज्ञांचा राहिलेला नाही.

फाइल म्हणजे नेमके काय?

आधी एक गैरसमज दूर करू. संगणकाच्या स्मृतीत कुठेही कप्पे किंवा फायली रचून ठेवलेल्या नसतात. टॅबलेटच्या फ्लॅश स्मृतीत असतात ते फक्त विद्युतभार अडकवून ठेवणारे असंख्य सूक्ष्म कोष. त्यांतले अमुक इतके कोष मिळून एक फाइल, तिचे नाव अमुक आणि ती अमुक फोल्डरमध्ये आहे, ही सगळी संगणकाच्या कार्यकारी प्रणालीने ठेवलेली नोंदवही आहे. फोल्डरच्या आत फोल्डर ही आज नैसर्गिक वाटणारी रचनाही माणसानेच ठरवलेली आहे. १९६५ साली मल्टिक्स या प्रणालीसाठी तिचा आराखडा मांडला गेला, पुढे युनिक्सने ती रुजवली आणि १९८० च्या दशकात झेरॉक्स स्टार, मॅकिंटॉश यांसारख्या संगणकांनी तिला पडद्यावर कागदाचे आणि फोल्डरचे चित्र दिले.

फाइल ही बाइटची एक सरळ रांग असते. वर्गात हे सहज करून पाहता येईल. युनिकोडच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये 'शाळा' एवढाच शब्द लिहून ती साठवली, तर तिचा आकार १२ बाइट भरतो. श, काना, ळ, काना अशी ही ४ चिन्हे. 'विज्ञान' लिहिले तर २१ बाइट. कारण व, पहिली वेलांटी, ज, पाय मोडल्याची खूण, ञ, काना आणि न अशी ती ७ चिन्हे होतात. जोडाक्षर हे संगणकाच्या दृष्टीने एक अक्षर नसते, हे मुलांना या आकड्यावरून चटकन पटते. मात्र हा प्रयोग करायचा तर फाइल दिसली पाहिजे आणि तिचा आकार वाचता आला पाहिजे. जे यंत्र फाइल दाखवतच नाही, त्याच्यावर हा धडा शिकवता येत नाही.

लपवण्याची बाजू

फाइली लपवाव्यात असे म्हणणाऱ्यांचा पक्ष दुबळा नाही. तो नीट समजून घेतला पाहिजे.

पहिला मुद्दा सोपेपणाचा. ॲलन कूपर यांनी १९९५ च्या 'अबाउट फेस' या पुस्तकात आणि जेफ रॅस्किन यांनी २००० च्या 'द ह्यूमेन इंटरफेस' या पुस्तकात साधारण एकच तक्रार केली होती. संगणकाने स्वतःच्या अंतर्गत व्यवस्थेचा भार वापरणाऱ्याच्या डोक्यावर टाकला आहे. पत्र लिहिणाऱ्याला पत्र लिहायचे असते. त्याने 'सेव्ह' का करावे, नाव आधी का ठरवावे, ते कोणत्या फोल्डरमध्ये आहे हे का लक्षात ठेवावे? ॲपलच्याच १९९३ च्या न्यूटनमध्ये आणि १९९६ च्या पामपायलटमध्ये नेहमीच्या अर्थाने फाइली नव्हत्याच. पत्ते पत्त्यांच्या वहीत आणि टिपणे टिपणांच्या वहीत, इतकी साधी मांडणी होती. आयपॅडने हाच धागा पुढे नेला. आज आपण टॅबलेटवर 'सेव्ह' न दाबता लिहीत जातो आणि लिहिलेले नाहीसे होत नाही, हे या विचाराचे खरे यश आहे.

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा, आणि तो अधिक वजनदार आहे. जुन्या संगणकांवर आपण चालवलेल्या कोणत्याही प्रोग्रामला आपले सगळे अधिकार आपोआप मिळत. मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' नावाचा उपद्रवी प्रोग्राम ईमेलच्या जोडपत्रातून जगभर पसरला. पत्र समजून ज्याने तो उघडला, त्याच्या संगणकावरील छायाचित्रांच्या फाइलींवर त्याने स्वतःचाच मजकूर लिहिला आणि पत्तेवहीतल्या सर्वांना स्वतःची प्रत धाडली. त्यासाठी त्याला कोणतेही कुलूप तोडावे लागले नाही. दार उघडेच होते.

टॅबलेटमध्ये प्रत्येक ॲप एका कुंपणात ठेवलेले असते. त्याला स्वतःच्या कुंपणातल्या फाइली दिसतात, शेजाऱ्याच्या दिसत नाहीत. एखादे खेळाचे ॲप खोडसाळ निघाले तरी ते बँकेच्या ॲपमधली माहिती वाचू शकत नाही. ही व्यवस्था चांगली आहे आणि ती मोडावी असे मी मुळीच म्हणणार नाही.

गफलत कुठे झाली?

गफलत अशी झाली की ॲपला आवर घालण्यासाठी उभारलेल्या कुंपणाबाहेर खुद्द मालकालाही ठेवले गेले. 'एका ॲपला दुसऱ्या ॲपची फाइल दिसू नये' आणि 'माणसाला स्वतःची फाइल दिसू नये' ही दोन अगदी वेगळी विधाने आहेत. पहिल्यातून दुसरे निघत नाही.

परिणाम काय झाला, ते उदाहरणाने पाहू. समजा, आठवीच्या मुलांनी पावसाळ्याचे चार महिने रोजच्या पर्जन्यमापनाचे आकडे एका ॲपमध्ये भरले. आता आलेख काढायला दुसरे ॲप हवे आणि अहवाल लिहायला तिसरे. पहिल्या पिढीच्या आयपॅडवर याचा मार्ग म्हणजे प्रत्येक ॲपला फाइलची स्वतंत्र प्रत देणे. म्हणजे तीन ॲपमध्ये तीन प्रती झाल्या. एका प्रतीत ऑगस्टचा चुकलेला आकडा दुरुस्त केला तर बाकीच्या दोन प्रतींना त्याचा पत्ता नाही. खरी नोंद कोणती? जी व्यवस्था गोंधळ टाळण्यासाठी आणली, तिने वेगळ्या प्रकारचा गोंधळ निर्माण केला. शिवाय ॲप काढून टाकले की त्याच्या कुंपणातले सारे काही त्याच्याबरोबर जाते. 'डेटाही पुसला जाईल' अशी सूचना पडद्यावर येते खरी, पण जिने फाइल कधी पाहिलीच नाही त्या मुलीला त्या सूचनेतला 'डेटा' म्हणजे आपले चार महिन्यांचे आकडे, हे कसे कळावे?

पुढचा इतिहास बोलका आहे. २०११ साली ॲपलने आयक्लाउड आणले, पण त्यातही प्रत्येक ॲपचा कप्पा वेगळा होता. २०१४ मध्ये आयक्लाउड ड्राइव्ह आले आणि एका ॲपमधून दुसऱ्या ठिकाणची फाइल निवडण्याची सोय झाली. सप्टेंबर २०१७ मध्ये 'फाइल्स' नावाचे ॲप आयपॅडवर अवतरले. २०१९ मध्ये त्यात पेनड्राइव्हसारखी बाहेरची साठवण वाचता येऊ लागली. ज्या गोष्टीची सामान्य माणसाला गरज नाही असे मानले होते, ती पूर्णपणे परत द्यायला नऊ वर्षे लागली.

अँड्रॉइडचा प्रवास उलट दिशेने झाला. तिथे सुरुवातीपासून साठवण बरीचशी खुली होती. फोन किंवा टॅबलेट तारेने संगणकाला जोडला की फोल्डर दिसत. पण हा खुलेपणा ॲपनाही मिळालेला होता. एकदा साठवणीची परवानगी दिली की साधे विजेरीचे ॲपसुद्धा सगळी छायाचित्रे वाचू शके. २०१९ च्या अँड्रॉइड १० मध्ये यावर बंधने आली आणि २०२० च्या अँड्रॉइड ११ मध्ये ती पक्की झाली. आता ॲपला स्वतःचा कप्पा मिळतो, आणि चित्रे, कागदपत्रे, डाउनलोड असे काही कप्पे सामाईक राहतात. २०२१ मध्ये व्हॉट्सॲपवर आलेल्या छायाचित्रांचे फोल्डर आपल्या जुन्या जागेवरून हलले, ते याच बदलामुळे.

दोन प्रतिस्पर्धी दोन टोकांकडून निघाले आणि जवळपास एकाच जागी येऊन पोहोचले. ही जागा कोणती, ते पाहण्यासारखे आहे.

निवड हीच परवानगी

त्या जागेमागची कल्पना सोपी आहे. समजा, एखाद्या ॲपला फाइल हवी आहे. ॲप स्वतः साठवण धुंडाळत नाही. ते प्रणालीला विनंती करते. प्रणाली फाइलींची यादी दाखवते. ही यादी ॲपला दिसत नाही, फक्त आपल्याला दिसते. आपण बोटाने एक फाइल निवडतो आणि त्या एकाच फाइलची किल्ली ॲपला मिळते. वेगळे परवानापत्र लागत नाही, कारण निवडणे हीच परवानगी असते. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१३ पासून आहे, आयपॅडवर २०१४ पासून.

ग्रंथपालाचे उदाहरण घेता येईल. वाचकाने चिठ्ठी दिली की ग्रंथपाल तेवढेच पुस्तक काढून देतो. वाचक आत शिरून सगळी कपाटे उघडत नाही. टॅबलेटवर ॲप हे वाचक आहे आणि ग्रंथपालाच्या जागी मालक आहे. पहिल्या आयपॅडने ग्रंथपालालाच कपाटाची किल्ली नाकारली होती.

यावरून एक गोष्ट सिद्ध होते. सुरक्षितता हवी असेल तर फाइली लपवाव्याच लागतात, हे खरे नव्हते. दोन्ही एकत्र साधता येतात आणि आज बऱ्याच अंशी साधलेली आहेत. अर्थात, प्रणालीच्या स्वतःच्या फाइलींचा प्रश्न वेगळा. त्या बंद ठेवण्याला माझा आक्षेप नाही. विजेच्या मीटरला सील असावे. घरातल्या कपाटाला दुसऱ्याचे सील असू नये.

अजून काय खटकते?

तरीही आजची स्थिती समाधानकारक नाही. तीन गोष्टी खटकतात.

पहिली गोष्ट म्हणजे आयपॅडच्या 'फाइल्स'मध्ये ॲपचा कप्पा दिसावा की नाही, हे ॲप बनवणारा ठरवतो. त्याने तशी नोंद ॲपमध्ये केली असेल तरच तो दिसतो. आपले काम आपल्याला दिसावे यासाठी तिसऱ्याची मर्जी लागते. हे उलटे हवे. माणसाने स्वतः तयार केलेली गोष्ट आपोआप दिसावी, आणि लपवायची असेल तर लपवण्याचे कारण द्यावे लागावे.

दुसरी, ॲप काढून टाकताना कामही जाते. प्रोग्राम आणि त्याने तयार केलेले काम या दोन वेगळ्या वस्तू आहेत. शिवणयंत्र विकले म्हणून शिवलेले कपडे कुणी बरोबर देत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत कमी बोलली जाते. फाइल हाती आली तरी ती कोणत्या रूपात आहे? पुष्कळ ॲप आपली माहिती अशा रचनेत ठेवतात की ती त्या ॲपशिवाय कुणालाच वाचता येत नाही. असे असेल तर फाइल मिळूनही काही मिळाले नाही.

मराठी वाचकाला याचा अनुभव आहे. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षे आपली मासिके, पाठ्यसाहित्य, प्रश्नसंच श्रीलिपी, आकृती यांसारख्या प्रणालींच्या फाँटमध्ये जुळवले जात होते. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकार बसवलेले असत. तो फाँट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली की रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा काला दिसतो. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण ती सर्वत्र वापरात यायला पुढे बरीच वर्षे गेली.

आणि तरीही हे जुने मराठी लेखन आज परत मिळवता येते. कोणत्या क्रमांकावर कोणता आकार आहे याचा तक्ता करता येतो आणि त्यावरून रूपांतर करणारे प्रोग्राम लिहिले गेले आहेत. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. अशा अदलाबदली कराव्या लागतात, पण काम होते. ते का होते? कारण फाइल लेखकाच्या, मुद्रकाच्या किंवा संपादकाच्या हाती होती. फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून हार्डडिस्कवर ती नेता आली. जुळणीचा प्रोग्राम कालबाह्य झाला, तरी बाइटची रांग शाबूत राहिली. तेच लेखन एखाद्या ॲपच्या कुंपणात असते, तर ॲप बंद पडले त्या दिवशी तेही संपले असते.

दुसरे उदाहरण ब्रिटनचे. १०८६ साली तिथे 'डूम्सडे बुक' नावाची जमीनजुमल्याची प्रचंड नोंद केली गेली. तिला ९०० वर्षे झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने नवी नोंद केली. देशभरच्या शाळांतल्या मुलांनी आपापल्या गावाची माहिती आणि छायाचित्रे पाठवली. दहा लाखांहून अधिक लोकांचा तिला हात लागला. ही सामग्री खास लेझर तबकड्यांवर साठवली होती आणि त्या चालवायला ठरावीक संगणक व ठरावीक यंत्र लागे. पंधरा वर्षांतच ती यंत्रे दुर्मीळ झाली. २००२ मध्ये लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या संशोधकांनी जुन्या संगणकाची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम लिहून ती सामग्री पुन्हा पडद्यावर आणून दाखवली. कातड्यावर लिहिलेले १०८६ चे पुस्तक मात्र लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आजही वाचता येते.

'शोधले की सापडते'

एक आक्षेप उरतो. आताच्या मुलांना फोल्डर लागतच नाहीत, ती नाव टाकून शोधतात, मग हा जुन्या पिढीचा हट्ट कशाला? सप्टेंबर २०२१ मध्ये 'द व्हर्ज' या अमेरिकी प्रकाशनात याच विषयावर एक लेख आला होता. विज्ञान शिकवणाऱ्या प्राध्यापकांना असे आढळत होते, की फाइल कुठे आहे हा प्रश्नच काही विद्यार्थ्यांना कळत नाही. त्यांच्या दृष्टीने सगळे एका मोठ्या टोपलीत असते आणि हवे ते वर काढायचे असते.

छायाचित्रे, गाणी यांसाठी टोपली पुरते, हे मान्य. पण 'कुठे आहे' या प्रश्नाला फोल्डरपलीकडचा एक अर्थ आहे. फाइल माझ्या यंत्रावर आहे की दुसऱ्याच्या? गूगल फोटोजमधली मोफत अमर्याद साठवण १ जून २०२१ रोजी संपली. सलग दोन वर्षे न वापरलेली गूगल खाती त्यांतल्या सामग्रीसह पुसण्याचे धोरण डिसेंबर २०२३ पासून अमलात आले. कंपनीने नियम आधी जाहीर केले होते, त्यात गैर काही नाही. पण आपली सामग्री कुणाच्या जागेत आहे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याच्यासाठी असा नियम निरर्थक असतो. शोधपेटी टोपलीतली वस्तू काढून देते. टोपली कुणाची, हे ती सांगत नाही.

विज्ञान शिकताना तर हे अधिकच महत्त्वाचे आहे. प्रयोगात पाहिलेले मूळ आकडे जपून ठेवणे आणि दुसऱ्याला तपासायला देणे, हा विज्ञानाचा पायाभूत शिरस्ता आहे. आलेखाचे चित्र म्हणजे मूळ नोंद नव्हे. या बाबतीत एका चांगल्या ॲपचे नाव घ्यायला हरकत नाही. जर्मनीतल्या आखेन येथील तंत्रविद्यापीठाने २०१६ मध्ये 'फायफॉक्स' हे मोफत ॲप आणले. फोनमधल्या संवेदकांनी त्वरण, दाब, ध्वनी मोजता येतो, दोरीला टांगलेल्या फोनचा लंबक करून त्याचा आवर्तकाल काढता येतो. आणि मोजलेले सारे आकडे सीएसव्ही या साध्या मजकुराच्या रूपात बाहेर काढता येतात. ती फाइल कोणत्याही संगणकावर, कोणत्याही प्रोग्राममध्ये उघडते. ॲप उद्या बंद झाले तरी मुलांचे आकडे राहतील.

शाळेने काय पाहावे?

शाळेत नवे ॲप वापरायला घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. एक, यात केलेले काम बाहेर काढता येते का, आणि ते पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या यंत्रावर नेता येते का? दोन, बाहेर येणारी फाइल साधा मजकूर, सीएसव्ही, पीडीएफ अशा सर्वपरिचित रूपात आहे का? तीन, ॲप काढून टाकल्यावर काम शिल्लक राहते का? उत्तरे जाहिरातीत शोधू नयेत. एक छोटा नमुना तयार करावा, तो बाहेर काढावा, ॲप पुसावे आणि फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. अर्ध्या तासाचे काम आहे. ज्या शाळांत वर्षअखेर टॅबलेट परत करावा लागतो, तिथे तर परतीच्या आधी प्रत्येक मुलाला आपले काम स्वतःच्या हातांनी उतरवून घेता आलेच पाहिजे.

आणि वर्षातली एक तासिका फाइलसाठी राखून ठेवावी. 'शाळा'चे १२ बाइट मोजावेत, त्याच शब्दाचे छायाचित्र काढून त्याचा आकार पाहावा, आणि दोन्ही आकड्यांत इतका फरक का, हे मुलांनाच विचारावे.